खलिफा सिटीतील परसबाग : मातीतील अन्नद्रव्यांचा समतोल

अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत ऑक्टोबर ते एप्रिल हा परसातील भाजीपाल्याचा हंगाम असतो. मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो ही पिके या काळात उत्तम येतात. मात्र अनेक वाफ्यांत महिनाभरातच पाने पिवळी पडतात आणि खताची मात्रा वाढवली जाते. पुष्कळदा उणीव खताची नसते. मातीतले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही, हे खरे कारण असते.

मातीचा स्वभाव

येथील माती वालुकामय व चुनखडीयुक्त असून तिचा सामू साधारणतः 8च्या आसपास आणि सेंद्रिय अंश अत्यल्प असतो. चुन्यामुळे लोह, जस्त, मँगनीज व स्फुरद अविद्राव्य रूपात अडकतात, तर नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाते. बाजारात मिळणारे ‘स्वीट सॉइल’ म्हणजे कमी क्षारांची वाळू. नाव गोड असले तरी ती सुपीक नसते. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकून फेस आल्यास चुन्याचे अस्तित्व समजावे.

पानांवरील लक्षणे

- कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोहाची कमतरता. महाराष्ट्रात उसावर दिसणारा ‘केवडा’ हाच.
- जुनी पाने सरसकट फिकट : नत्राची कमतरता.
- जुन्या पानांत शिरांमधील भाग पिवळा : मॅग्नेशियमची कमतरता.
- पानांच्या कडा करपलेल्या : पालाशची कमतरता किंवा क्षारांचा अतिरेक.

उपाय

लागवडीपूर्वी सुमारे 5 सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या कंपोस्टचा थर वरच्या मातीत मिसळावा. ताजे शेणखत क्षार वाढवते. लोहासाठी ‘ईडीडीएचए’ प्रकारचे चिलेट निवडावे; स्वस्त ‘ईडीटीए’ अशा सामूला टिकत नाही. हिराकस नुसता मातीत टाकल्यास वाया जातो. तो शेणखतात मुरवून द्यावा किंवा लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात सायंकाळी पानांवर फवारावा. गंधकाने सामू उतरवण्याचा प्रयत्न येथे फारसा फळत नाही, कारण चुन्याचा साठा ते आम्ल शोषून घेतो.

क्षार साचले असल्यास वाफ्यावर एकूण 15 सेंटिमीटर गोडे पाणी टप्प्याटप्प्याने सोडावे; वरच्या 30 सेंटिमीटर थरातील सुमारे निम्मे क्षार खाली उतरतात. त्याबरोबर नत्रही जाते, म्हणून ते नंतर थोडे थोडे द्यावे.

गावाकडची सवय

कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना व राख मानवते. तीच राख येथे टाकल्यास सामू चढतो आणि लोह अधिकच दुर्मीळ होते. टोमॅटोचे बूड काळे पडल्यास अंड्यांची टरफले घालणेही व्यर्थ ठरते. मातीत चुना विपुल आहे. अनियमित पाण्यामुळे तो फळापर्यंत पोहोचत नाही. पाण्याची वेळ व मात्रा नियमित करावी.

हंगाम अवघ्या सहा-सात महिन्यांचा असतो. त्यामुळे सामू व क्षारतेची चाचणी सप्टेंबरमध्येच करून घ्यावी, नंतर कंपोस्ट आणि शेवटी सूक्ष्म अन्नद्रव्ये, हा क्रम पाळावा.