वजनाचा काटा आणि शरीराचा हिशेब : सिस्टिक फायब्रोसिस व अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड यांचा इतिहास

1. प्रस्तावना

या टिपणात आपण एका आजाराचा आणि एका औषधगटाचा इतिहास एकत्र पाहणार आहोत. आजार आहे सिस्टिक फायब्रोसिस. त्यात मूल भरपूर खाऊनही वाळत जाते आणि फुप्फुसे वारंवार संसर्गाने खराब होतात. औषधगट आहे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडचा. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव व्यायामशाळेत किंवा खेळाच्या बातम्यांत ऐकले असेल. अंगावर मांस धरत नाही अशा रुग्णाला, मांस वाढवणारे औषध द्यावे, हा विचार कोणालाही सहज सुचेल. हा सरळ दिसणारा विचार इतिहासात किती टिकला, हा आपला प्रश्न आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. 'स्टेरॉईड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या औषधांसाठी वापरला जातो. प्रेडनिसोलोनसारखी कॉर्टिकोस्टेरॉईड सूज कमी करतात; दीर्घकाळ घेतल्यास ती स्नायू झिजवतात आणि मुलांची उंची खुंटवतात. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड ही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची भावंडे आहेत. ती स्नायूंची बांधणी वाढवतात. दोघांची रासायनिक चौकट सारखी, पण काम जवळजवळ उलट.

2. आजाराची ओळख

1938 साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील डॉ. डॉरोथी अँडरसन यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. कुपोषणाने दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंडात गाठी आणि व्रणासारखे कठीण तंतू आढळले. आजाराचे नाव त्यावरूनच पडले. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा ही मुले इतरांपेक्षा लवकर कोलमडतात हे लक्षात आले. त्या धाग्यावरून डॉ. पॉल दि सांतान्येसे आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवून दिले की या रुग्णांच्या घामात मिठाचे प्रमाण फार जास्त असते. आजही निदानाची मुख्य चाचणी घामाचीच आहे.

मूळ कारण 1989 मध्ये कळले. टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॅक रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी 'सीएफटीआर' हे जनुक शोधले. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या आवरणात क्लोराइडसाठी दाराचे काम करते. दार बिघडले की मीठ व पाणी यांचा तोल जातो आणि शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. फुप्फुसात कफ अडकतो. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि पाचक रस आतड्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

3. ऊर्जेचा ताळेबंद

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. तिथे कोणत्याही यंत्राबद्दल आम्ही पहिला प्रश्न विचारतो : आत किती गेले, वाया किती गेले, कामाला किती आले? या आजारालाही तोच प्रश्न लावून पाहा.

पाचक रस नसल्यामुळे खाल्लेल्या अन्नातला बराच भाग, विशेषतः स्निग्ध पदार्थ, न पचताच शौचावाटे निघून जातो. ही पहिली गळती. चिकट कफातून श्वास ओढायला जास्त श्रम पडतात आणि जुनाट संसर्गाशी शरीर सतत झुंजत असते, त्यामुळे विश्रांतीतही ऊर्जाखर्च वाढलेला असतो. ही दुसरी गळती. शिवाय खोकला, ताप, पोटदुखी यांमुळे भूक मंदावते, म्हणजे आवकही घटते. म्हणूनच या रुग्णांना निरोगी माणसाच्या दीडपटीपर्यंत आणि काहींना त्याहूनही जास्त उष्मांक लागू शकतात.

आता सांगा, या यंत्रात दोष नेमका कुठे आहे? स्नायू बांधणाऱ्या यंत्रणेत तो मुख्यत्वे नाही. दोष आहे आवकेत आणि गळतीत. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे ते कामी येईल.

4. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडचा उदय

1935 हे या कथेतले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी अडोल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत तयार केले. 1939 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता. याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स कोचाकियन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की पुरुषी संप्रेरकामुळे शरीर नायट्रोजन धरून ठेवते. नायट्रोजन धरणे म्हणजे प्रथिने साठणे, म्हणजेच ऊती बांधणे. 'अ‍ॅनाबॉलिक' या शब्दामागचा अर्थ हाच.

मग औषध कंपन्यांनी असे रेणू शोधायला सुरुवात केली की ज्यांत बांधणीचा गुण राहील आणि दाढी-मिशा, घोगरा आवाज असा पुरुषी परिणाम कमी होईल. 1958 मध्ये सिबा कंपनीचे डायनाबॉल अमेरिकेत आले. 1964 मध्ये सर्ल कंपनीने ऑक्सान्ड्रोलोन हे औषध 'अनाव्हार' नावाने आणले. त्याचा पुरुषी परिणाम तुलनेने सौम्य असल्यामुळे वाढ खुंटलेल्या मुलांनाही ते दिले जाऊ लागले. पण दोन्ही गुण पूर्णपणे वेगळे करणे कोणालाच जमले नाही, कारण दोन्ही परिणाम पेशीतल्या एकाच ग्राहीमार्फत होतात.

आणखी एक अडचण होती. तोंडाने घेतलेले टेस्टोस्टेरॉन यकृतातच नष्ट होते. ते टिकावे म्हणून रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक छोटा गट जोडला गेला. औषध टिकले, पण त्याचा भार यकृतावर पडला.

5. औषध आणि आजार यांची गाठ

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला हे औषध द्यावेसे का वाटते, हे समजून घेतले पाहिजे. त्यात अज्ञान किंवा हव्यास इतकेच नसते. या आजारात वयात येणे लांबते. सोळा वर्षांचा मुलगा बारा वर्षांचा दिसतो. वर्गातली मुले उंच होतात, आवाज फुटतात, आणि हा मात्र तसाच. आरशातले शरीर हा या मुलांसाठी रोजचा घाव असतो. डॉक्टरांनाही ठाऊक असते की वजन चांगले असलेल्या रुग्णाची फुप्फुसे सहसा जास्त काळ टिकतात. त्यामुळे वजन वाढवण्याची घाई दोन्ही बाजूंना असते.

1990 च्या दशकात या विचाराला नवे बळ मिळाले. सर्लने 1989 मध्ये ऑक्सान्ड्रोलोन बंद केले होते, पण 1995 मध्ये ते 'ऑक्सान्ड्रिन' नावाने पुन्हा बाजारात आले. एड्समध्ये होणारी शरीराची झीज भरून काढण्यासाठी आणि पुढे गंभीर भाजलेल्या मुलांसाठी ते वापरले गेले. जुनाट संसर्गानंतर घटलेले वजन वाढवणे हा त्याचा मंजूर उपयोग होता. सिस्टिक फायब्रोसिसचे नाव त्यात नव्हते, तरी काही डॉक्टरांनी ते या रुग्णांनाही दिले.

2009 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथील डॉक्टरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. ऑक्सान्ड्रोलोन घेतलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. उंची वाढण्याचा वेग वाढला होता आणि उंचीच्या मानाने वजनही सुधारले होते. पण रुग्ण होते फक्त 5, आणि तुलनेसाठी औषध न घेतलेला गट नव्हता. असा पुरावा वाचताना विचारायचा प्रश्न हा : काटा हलला, पण आयुष्य वाढले का? पाच जणांच्या नोंदींतून त्याचे उत्तर मिळू शकत नाही.

6. किंमत कोण मोजतो?

या औषधांचे धोके सर्वांनाच असतात, पण या रुग्णांत ते नेमके दुखऱ्या जागी लागतात. तीन उदाहरणे घेऊ.

(अ) यकृत : घट्ट पित्तामुळे काही रुग्णांचे यकृत आधीच बिघडलेले असते. यकृतावर भार टाकणारे औषध तिथे दुहेरी धोका ठरते.

(आ) उंची : हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. पुरुषी संप्रेरकामुळे त्या लवकर पक्क्या होऊ शकतात. आज उंची भराभर वाढते आणि उद्या वाढ कायमची थांबते. मुलींमध्ये आवाज घोगरा झाला तर तो पूर्ववत होईलच असे नाही.

(इ) अपत्य : या आजाराच्या बहुसंख्य पुरुषांत शुक्रवाहिनी जन्मतः नसते, पण वृषणात शुक्राणू तयार होत असतात. ते काढून कृत्रिम गर्भधारणा करता येते. बाहेरून घेतलेले स्टेरॉईड शुक्राणूंची निर्मितीच दाबून टाकते, म्हणजे उरलेली वाटही अडवते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. तपासणीत ज्या पुरुषात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आढळले, त्याला ते वैद्यकीय देखरेखीखाली नेहमीच्या पातळीपर्यंत भरून देणे हा वेगळा उपचार आहे. उणीव भरणे आणि अतिरिक्त मात्रा देणे यांत गल्लत करू नये.

आकडा सुधारला म्हणून औषध चांगले, ही चूक कॉर्टिकोस्टेरॉईडच्या बाबतीतही घडता घडता राहिली. 1985 मध्ये एका छोट्या चाचणीत, दिवसाआड प्रेडनिसोन दिलेल्या मुलांची फुप्फुसे सुधारलेली दिसली. मग मोठी चाचणी झाली, तेव्हा उंची खुंटणे, मोतीबिंदू आणि रक्तातील साखर वाढणे हे दुष्परिणाम समोर आले. 2000 साली त्याच मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. औषध थांबवून वर्षे लोटली तरी औषध घेतलेले मुलगे सरासरी सुमारे 4 सेंमी बुटके राहिले होते.

दरम्यान खेळातील गैरवापरामुळे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडवर निर्बंध येत गेले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच त्यांची तपासणी झाली, आणि 1990 च्या कायद्याने अमेरिकेत ती नियंत्रित औषधे ठरली. शेवटी 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ऑक्सान्ड्रोलोनची मंजुरीच मागे घेतली. उपयुक्ततेचा पुरेसा पुरावा नाही, हे त्यामागचे एक कारण होते.

7. खरा फरक कशाने पडला?

आता तिसऱ्या भागातल्या ताळेबंदाकडे परत या. अनेक वर्षे डॉक्टर या मुलांना स्निग्ध पदार्थ कमी खायला सांगत. न पचलेल्या चरबीने पोट दुखते, शौचाला दुर्गंधी येते, मग चरबीच टाळा, असे त्यांचे तर्कशास्त्र. 1970 च्या दशकात टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉ. डग्लस क्रोझिअर यांनी उलटे केले. पूर्ण साईचे दूध, लोणी, अंडी भरपूर खा, आणि ते पचवण्यासाठी डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली पाचक विकरे जेवणाबरोबर भरपूर घ्या.

1988 मध्ये टोरांटो आणि बोस्टन येथील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणी सुमारे 500 रुग्ण होते आणि त्यांच्या फुप्फुसांची क्षमता साधारण सारखी होती. पण आयुर्मानाचा मध्यांक बोस्टनमध्ये 21 वर्षे, तर टोरांटोत 30 वर्षे निघाला. टोरांटोची मुले उंचही होती. ही यादृच्छिक चाचणी नव्हती, दोन दवाखान्यांची तुलना होती; त्यामुळे सगळे श्रेय लोण्याला देता येत नाही. तरीही या निष्कर्षानंतर आहाराचे धोरण सर्वत्र बदलले. गळती बुजवली आणि आवक वाढवली की शरीर स्वतःच बांधणी करते, हे दिसून आले.

पुढचे पाऊल दारच दुरुस्त करण्याचे होते. 2012 मध्ये आयव्हाकाफ्टर आणि 2019 मध्ये तीन औषधांचे मिश्रण असलेले ट्रायकाफ्टा अमेरिकेत मंजूर झाले. बिघडलेल्या प्रथिनाला ही औषधे कामाला लावतात. ज्यांना ती लागू पडतात अशा अनेकांचे वजन वाढते. काही दवाखान्यांना आता अतिवजनाचीही काळजी करावी लागते.

8. भारताशी संबंध

हा आजार युरोपीय वंशाच्या लोकांचाच, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. भारतातील पहिली नोंद 1968 ची. वारंवार होणारा न्यूमोनिया आणि न वाढणारे वजन पाहून क्षयरोग किंवा कुपोषण असे निदान होणे आपल्याकडे सहज घडते. ट्रायकाफ्टाची अमेरिकेतील छापील किंमत वर्षाला 3 लाख डॉलरहून अधिक आहे, आणि ज्या जनुकदोषावर ते प्रामुख्याने चालते तो भारतीय रुग्णांत युरोपीयांपेक्षा कमी आढळतो.

अशा वेळी 'ताकदीचे इंजेक्शन' स्वस्त आणि जवळचे वाटते. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे. एखादे मूल खाऊनही वाढत नसेल, त्याच्या घामाचे मीठ कपाळावर पांढरे साचत असेल, छाती सारखी भरत असेल, तर पहिला प्रश्न 'वजन कशाने वाढेल' हा नसून 'अन्न जाते कुठे' हा आहे. घामाच्या चाचणीने त्याचे उत्तर मिळू शकते. टॉनिकने ते फक्त लांबणीवर पडते.

9. सारांश

वजन हा मापक आहे. मापकाचा काटा हाताने पुढे सरकवला तर यंत्र दुरुस्त होत नाही. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडने काही रुग्णांचा काटा हलवला, पण अन्नाची गळती आणि बिघडलेले दार तसेच राहिले. जिथे बिघाड होता तिथे हात घातला, तेव्हा आयुष्य वाढले.

स्वाध्याय

1. कॉर्टिकोस्टेरॉईड आणि अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड यांच्या परिणामांतील फरक स्पष्ट करा.
2. टोरांटो व बोस्टन यांच्या तुलनेतून 'आहारामुळेच आयुष्य वाढले' असा निष्कर्ष काढताना कोणत्या मर्यादा लक्षात घ्याल?
3. मापकातील सुधारणा आणि रुग्णाच्या आयुष्यातील सुधारणा यांत फरक पडतो, असे आणखी एखादे उदाहरण तुमच्या अभ्यासशाखेतून द्या.