बावन्न ओळींचं औषध

गुजरातेत, कामरेजच्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी दत्तबावनी हे दत्ताचं स्तोत्र म्हणतात. बावन्न ओळी, गुजरातीत. मी धुळ्याहून सून होऊन आले, तेव्हा वाटलं हे गुजराती लोकांचं काहीतरी असणार. ते तर आपल्याच माणसाचं निघालं!

रचनाकार रंगावधूत महाराज, म्हणजे पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणं रत्नागिरीकडच्या देवळ्याचं, जन्म गोध्र्याचा, 1898. लहानपणी नृसिंहवाडीला त्यांना वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी भेटले. हे स्वामी दंडधारी संन्यासी, मूळचे माणगावचे, 1914 मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. भेट थोडीच, पण ती आयुष्यभर पुरली. अहमदाबादची शिक्षकी सोडून पांडुरंग नर्मदेवरच्या नारेश्वरच्या रानात जाऊन बसले.

मला त्यांच्या तपापेक्षा 1935 ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. कलोलजवळच्या सईज गावात एक बाई आजारी होती. तिच्यासाठी महाराजांनी दत्तबावनी लिहिली. टेंबे स्वामींची स्तोत्रं बहुतेक संस्कृतात; शिष्यानं मात्र त्या बाईच्या घरात बोलली जाणारी भाषा घेतली. दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं तर आधी त्याची भाषा उचलावी लागते, हे मला सासरी फार उशिरा कळलं.

बावन्न गुरुवारी बावन्न पाठ, अशी रीत पुढे रुळली. महाराजांनी 19 नोव्हेंबर 1968 ला हरिद्वारला देह ठेवला. समाधी नारेश्वरला आहे. कामरेजहून हमरस्त्यानं भरूच ओलांडून जायचं; सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.