महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च कोणी सोसला? : मुंबई इलाखा, १८२१–१९४७

महाविद्यालयीन शिक्षण आवश्यक आहे काय, आणि त्यावर होणारा खर्च सार्थकी लागतो काय, हा प्रश्न सामान्यतः कुटुंबाच्या जमाखर्चाचा मानला जातो. एका बाजूस फी व चार वर्षांचा चरितार्थ, दुसऱ्या बाजूस पदवीनंतर मिळणारे वेतन, अशी त्याची मांडणी होते. परंतु या मांडणीत खर्च करणारा आणि लाभ घेणारा एकच आहे, असे गृहीत धरलेले असते. मुंबई इलाख्याचा इतिहास पाहता हे गृहीत टिकत नाही. येथे उच्च शिक्षणाची किंमत एकाने द्यावी व फळ दुसऱ्याने घ्यावे, असा प्रकार दीर्घकाळ चालला. आणि या शिक्षणाविषयीचे महत्त्वाचे वादही त्यातूनच निर्माण झाले.

या इतिहासाचा आरंभ पेशवाईतील दक्षिणेपासून करावा लागतो. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पेशव्यांनी चालविली होती. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर ती एकाएकी बंद करणे कंपनी सरकारला इष्ट वाटले नाही. दक्षिणेच्या रकमेचा काही भाग वळवून १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन करण्यात आली. पुढे १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेत विलीन होऊन पूना कॉलेज निर्माण झाले व त्याचेच डेक्कन कॉलेजात रूपांतर झाले. दक्षिणेची रक्कम राज्याच्या महसुलातून येत असे आणि महसूल मुख्यतः जमिनीतून येत असे. म्हणजे पुण्यातील उच्च शिक्षणाच्या पायाशी, त्या वर्गात कधीही न बसलेल्या कुणब्याचा सारा होता.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. या पिढीने इतिहास, प्राच्यविद्या, न्याय व समाजसुधारणा या क्षेत्रांत जे कार्य केले, ते पाहता उच्च शिक्षण निष्फळ ठरले, असे कोणासही म्हणता येणार नाही. वाद होता तो निराळा. वरच्या वर्गास शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर सरकारी धोरण दीर्घकाळ उभे होते. ही समजूत खरी ठरली काय?

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे जोतीराव फुले यांनी विचारला. १८८२ मध्ये हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी, सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या श्रमातून येते, तथापि शिक्षणावरील खर्चाचा मोठा लाभ वरिष्ठ वर्गांना होतो, ही विसंगती दाखविली. शेतसाऱ्यावर रुपयास एक आणा या दराने लोकल फंड वसूल होत असे. त्यातील निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखावी आणि वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले. झिरपण्याच्या सिद्धांतावरही त्यांनी आघात केला. उच्च शिक्षण घेतलेल्यांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी काय केले, अशी त्यांची विचारणा होती.

तथापि याच निवेदनाचा दुसरा भाग पुष्कळदा दृष्टीआड होतो. उच्च शिक्षणाचे सरकारी साहाय्य काढून घ्यावे, असे जोतीरावांनी म्हटलेले नाही. देशाचा खरा हितचिंतक तशी मागणी करणार नाही, असेच त्यांचे मत होते. उपेक्षित वर्गाची चिंता दुसऱ्या वर्गाइतकीच वाहिली जावी, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारी हायस्कुलांतील शिक्षण व्यवहारोपयोगी नाही, त्यातून कारकून व शिक्षक तेवढे तयार होतात, मॅट्रिकच्या परीक्षेकडेच सारे लक्ष वेधले जाते, ही टीकाही त्यांनी केली. उच्च शिक्षण नको, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या पैशावर ते चालते त्याच्या मुलासही ते खुले व्हावे, असा तो आग्रह होता.

हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने क्रमशः अंग काढून घ्यावे व खासगी प्रयत्नांस वाव द्यावा, असा कल दर्शविला. तेव्हा भार वाहण्यास दुसरा कोणी हवा होता. पुण्यात तो शिक्षकांनी उचलला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांना मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सरकारी कॉलेजांतील युरोपीय प्राध्यापकांना दरमहा शेकडो रुपये मिळत असता, येथील आजीव सदस्यांनी सुमारे पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत स्वीकारले. गोखल्यांनी ते १९०२ पर्यंत पाळले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेही परत येऊन त्याच वेतनावर रुजू झाले. या व्रताचा भार हलका नव्हता. सदस्यांनी बाहेरून उत्पन्न मिळवावे की नाही, या मतभेदाचे पर्यवसान १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाले.

शिक्षकांच्या त्यागाने कॉलेज स्वस्त झाले खरे, परंतु फी हा खर्चाचा एक भाग होता. खेड्यातून आलेल्या मुलास पुण्यात राहावे व जेवावे लागे. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. ही खरोखर एक शिष्यवृत्तीच होती. मात्र ती कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती आणि अन्य जातींच्या मुलांना मिळू शकत नव्हती. कुणब्याच्या वा महाराच्या मुलास वार कोण देणार? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांस आश्रय दिला, त्याचे मर्म येथे आहे. उच्च शिक्षणाचे दार वर्गखोलीपेक्षा स्वयंपाकघरापाशी अधिक घट्ट बंद होते, हे त्यांनी ओळखले होते.

संस्थानिकांच्या साहाय्याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचे होय. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळत. १९१३ मध्ये ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु एका उदार राजाच्या कृपेवर समाजाचे शिक्षण अवलंबून ठेवता येत नाही, याची जाणीव त्यांच्या पुढील भूमिकेत दिसते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बोलताना, कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, हे त्यांनी निदर्शनास आणले. हा शिक्षणाचा व्यापार असून शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, असे त्यांनी बजावले. आबकारीच्या रूपाने लोकांकडून जितके घेतले जाते, तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, ही त्यांची मागणी जोतीरावांच्या हिशेबाचीच पुढची पायरी होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी व १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज स्थापन केले.

भाराच्या वाटणीचा आणखी एक मार्ग सातारा जिल्ह्यात निघाला. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विविध जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करून हेच तत्त्व त्यांनी उच्च शिक्षणास लावले. पैसा नसलेल्या विद्यार्थ्याजवळ हात होते, आणि ते चलन या कॉलेजाने स्वीकारले. या मार्गासही मर्यादा होती. दिवसाचे काही तास खडी फोडून वा शेत खणून शिकणाऱ्यास, घरच्या पैशावर शिकणाऱ्यापेक्षा त्याच पदवीची किंमत अधिक द्यावी लागे.

रयतेचा सारा, शिक्षकाचा त्याग, संस्थानिकाचे औदार्य आणि विद्यार्थ्याचा घाम या चार आधारांवर येथील महाविद्यालयीन शिक्षण वाढले. त्यांपैकी कोणताही एक आधार पुरेसा ठरला नाही. आणि शेवटचे तीन तर, पहिल्याचा न्याय्य विनियोग न झाल्यामुळेच उभारावे लागले. या शिक्षणाच्या उपयुक्ततेविषयी फुले व आंबेडकर या त्याच्या कठोरतम टीकाकारांनाही शंका नव्हती. जे निरुपयोगी आहे त्यात आपला वाटा कोणी मागत नाही. म्हणून महाविद्यालयीन शिक्षण खर्चास योग्य आहे काय, असे विचारणाऱ्याने प्रथम तो खर्च कोणाच्या नावे पडला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. तेवढे पाहिल्याशिवाय दिलेले उत्तर, मग ते होकारार्थी असो वा नकारार्थी, अर्ध्याच खातेवहीवरून काढलेले ठरेल.