गावाचे नाव : पुरावा की हक्क?

जमिनीच्या दाव्यांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. खतात जमिनीचे नाव एक लिहिलेले असते आणि चतुःसीमा मात्र दुसऱ्याच जमिनीच्या निघतात. अशा वेळी न्यायालय सामान्यतः नावापेक्षा सीमांना अधिक मान देते. एकाच जमिनीची दोन नावे असतील, तर ती लिहिणारा मध्ये ‘उर्फ’ हा शब्द घालतो आणि तेवढ्याने काम भागते. नावाने वस्तू ओळखावयाची असते. वस्तूचे स्वामित्व नावातून उत्पन्न होत नाही. कायद्यातले हे साधे तत्त्व ग्रामनामांचा वाद निघताच आपण का विसरतो, याचा थोडासा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम बेळगावचेच उदाहरण घेऊ. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, सुमारे १२०४ सालच्या शिलालेखांत या नगराचा उल्लेख वेणुग्राम असा येतो. पुढे मुसलमानी अमलात त्याला आझमनगर हे नाव मिळाले. इंग्रजांनी आपल्या उच्चाराप्रमाणे ‘बेलगाम’ केले, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली, त्यांत ते अधिकृतपणे ‘बेळगावि’ झाले. मराठी माणूस घरी आणि बाजारात पूर्वीपासून बेळगावच म्हणत आला आहे.

आता वेणुग्राम या नावाकडे बोट दाखवून ‘वेळू हा शब्द मराठी, म्हणून नगर मराठी’ असा युक्तिवाद करण्याचा मोह आमच्या बाजूला होतो. परंतु ज्या शिलालेखांवर हा युक्तिवाद उभा राहतो त्यांची भाषा संस्कृत आणि जुनी कन्नड आहे. उलट, लेख कन्नड म्हणून गावात मराठी वस्ती नव्हतीच, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. शिलालेख राजाची आणि दानाची साक्ष देतो. घराघरांतल्या बोलीची खानेसुमारी तो करीत नाही. सीमेचा मूळ प्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा आहे. त्यासंबंधी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. त्या दाव्याचा निकाल शहराच्या नावातील शेवटच्या अक्षरावरून लागावयाचा नाही. मग नावासाठी इतका जीव का तुटतो? कारण नाव हा हक्क नसला, तरी पुरावा निश्चित आहे. या ठिकाणी आमची भाषा बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, याचा तो पुरावा होय. फलकावरून ते पुसले गेले म्हणजे जमीन जात नाही. पण साक्षीदाराचे तोंड बंद झाल्यासारखे वाटते.

सरकारने दिलेले नाव लोकांनी स्वीकारलेच पाहिजे असेही नसते. पोर्तुगीज सरकारने १८४३ साली पणजीला शहराचा दर्जा देऊन ‘नोव्हा गोवा’ असे तिचे नामकरण केले. ते नाव कागदोपत्री मिरविले गेले, पण लोकांच्या तोंडी पणजीच राहिली, आणि आज नोव्हा गोवा हे नाव इतिहासाच्या पुस्तकाबाहेर आढळत नाही. लेखनाने झालेली हानी मात्र अधिक चिवट असते. डिचोली, केळशी यांसारख्या नावांच्या शेवटी पोर्तुगीज लेखक ‘म’चे अक्षर लिहीत, ते केवळ अनुनासिक दाखविण्यासाठी. इंग्रजी वाचणाऱ्याने त्याचा पुरा ‘म’ केला, आणि ‘बिचोलिम’, ‘क्वेलोसिम’ अशी कोणाच्याही आजीने कधी न उच्चारलेली गावे जन्मास आली.

या बाबतीत आमच्या देवस्थानांचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. सोळाव्या शतकात सासष्टी आणि तिसवाडी येथील देवळे पोर्तुगिजांनी पाडली, तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि त्यांच्या सत्तेबाहेरच्या मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळास आला आणि ती वाडी मंगेशी झाली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याच्या म्हार्दोळातील म्हाळसा अंत्रुजात आली, तेव्हा नव्या जागेलाही म्हार्दोळ हेच नाव पडले. वेर्ण्याची जागा ‘जुने म्हार्दोळ’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि अलीकडे तेथेही पुन्हा देवालय उभे राहिले आहे. दिवाडी बेटावरील नार्व्याचा सप्तकोटेश्वर डिचोली महालात गेला, तर तेथेही नार्वे झाले; त्याच देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. आज बेटावरही नार्वे आहे आणि पलीकडेही नार्वे आहे. यांतले खरे कोणते, असा दावा कोणी लावलेला आम्हांस ठाऊक नाही. जमीन हातची गेली तेव्हा पूर्वजांनी नाव बरोबर नेले आणि मागे राहिलेल्यांकडून ते हिरावूनही घेतले नाही. दोन्ही तीरांवर ते नांदले.

हीच वृत्ती आज मराठी-कोंकणी वादात उपयोगी पडेल. डिचोली की दिवचल, फोंडा की फोंडें, म्हापसा की म्हापशें, यावरून एकमेकांच्या निष्ठेविषयी शंका घेतली जाते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही वाव ठेवला. जो कायदा दोन भाषांना जागा करून देतो, त्याच्या छायेत एका गावाची दोन रूपे राहू नयेत असे म्हणणे आम्हांस चमत्कारिक वाटते. दिवचल म्हणणारा डिचोलीचा शत्रू नव्हे; दोघेही त्याच बाजारात नारळ घेतात.

मात्र दोन्ही नावे राहावयाची तर ती कोणीतरी लिहून ठेविली पाहिजेत. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीस अनुसरून अद्यापि चालतो, आणि महाजनांची नामावलीही तीनुसार ठेवली जाते. जुन्या दप्तरांतील नावे पोर्तुगीज वळणाची आहेत. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे वाढलेल्या कुळपुरुषाच्या नातवाला कुलदैवत कवळ्यास आहे एवढे माहीत असते. मूळ गाव केळशी हे त्याने ऐकलेले नसते, आणि दप्तरातील ‘क्वेलोसिम’ म्हणजे तेच, हे तर त्याला कळणेच शक्य नसते. उद्या त्याला महाजनकीचा संबंध दाखवावयाचा झाला, तर या तीन नावांना जोडणारा माणूस तो कोठून आणणार?

म्हणून प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या नामावलीत मूळ गाव, सध्याचे स्थान आणि दप्तरातील पोर्तुगीज रूप ही तिन्ही शेजारी शेजारी नोंदवावीत, अशी आमची विनंती आहे. फलकावर कोणते नाव मोठे असावे हा वाद सरकार आणि पक्ष खुशाल चालवोत. वृद्ध मंडळी हयात आहेत, त्यांना जुन्या वाड्यांची नावे आठवतात, तोवर ही नोंद होऊ शकेल. ती झाली नाही, तर न्यायालयातही ‘उर्फ’ लिहिण्यासाठी दुसरे नाव उरणार नाही.