पुलाखालची जाळी



जुन्या वास्तूला हात लावावा की लावू नये, हा वाद देवळांपासून वाड्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे माझा कल साहजिकच 'लावू नये' या बाजूला. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची हकिकत वाचली आणि जरा विचारात पडलो.

या पुलाचं काम जानेवारी १९३३ मध्ये सुरू झालं. त्या काळी मोठ्या बांधकामांचा एक ठोकताळा असे. दर १० लाख डॉलर खर्चामागे एक मजूर दगावणार, हे धरूनच चालायचं. पूल साडेतीन कोटींचा, म्हणजे ३५ माणसं. मुख्य इंजिनिअर जोसेफ स्ट्राउस यांनी हा हिशेब मानला नाही. त्यांनी कामगारांना हेल्मेट सक्तीचं केलं आणि १९३६ मध्ये पुलाच्या पोटाखाली जाळी बांधून घेतली. खर्च आला १,३०,००० डॉलर. या जाळीने १९ जणांना झेललं. वाचलेल्यांनी 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरचे' अशा अर्थाच्या नावाचा क्लबच काढला! पुढे १७ फेब्रुवारी १९३७ ला एक जड परांची कोसळली, जाळी फाटली आणि १० जण गेले. आधीचा एक धरून एकूण ११. ठोकताळ्याच्या मानाने कमी, तरी ११ घरांचा आधार गेलाच.

२७ मे १९३७ ला पूल लोकांसाठी खुला झाला. काम संपलं म्हणून जाळीही गेली. राहिला चार फुटांचा कठडा. त्या कठड्यापाशी येऊन आयुष्य संपवणाऱ्यांची संख्या पुढे वाढतच गेली. आजवर सुमारे २,००० माणसं गेली असं मानतात. काहीतरी अडथळा घाला, अशी मागणी दर काही वर्षांनी होई आणि दर वेळी तीच उत्तरं मिळत. खर्च फार, पुलाचं रूप बिघडेल आणि इथे अडवलं तर ती माणसं दुसरीकडे जातीलच.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर १९७८ मध्येच मिळालं होतं. रिचर्ड सायडन या प्राध्यापकांनी १९३७ ते १९७१ या काळात पुलावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, ते शोधून काढलं. त्यांतले शेकडा ९४ एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते. म्हणजे वाईट वेळ टळली की माणूस बहुधा परत फिरतो. शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको. निकालाच्या दिवसांत 'पोराला एकटं सोडू नका' असं आम्ही पालकांना बजावायचो, ते उगाच नाही.

आता रूप बिघडण्याचा मुद्दा. रस्ता ज्यांवर टांगला आहे ते उभे दोर १९७० च्या दशकात बदलले. १९८० च्या दशकात रस्त्याचा काँक्रीटचा थर काढून हलका पोलादी बसवला. १९८९ च्या भूकंपानंतर मजबुतीकरण झालं. समोरासमोरच्या टकरी टाळायला २०१५ मध्ये सरकता दुभाजक आला. इतकं होऊनही पूल जुना तो जुनाच राहिला. मग माणसं वाचवणारी जाळीच तेवढी त्याच्या रूपाला कशी खुपते?

अखेर २००८ मध्ये जाळीचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ती पूर्ण झाली. पदपथाच्या २० फूट खाली, २० फूट बाहेर, स्टेनलेस स्टीलची. तिला रंग दिलेला नाही, म्हणजे राखाडी पाण्यात ती मिसळून जाते. तिचे आधार मात्र पुलाच्याच नारिंगी रंगाचे. खर्च २० कोटी डॉलरच्या वर गेला. शिवाय वाऱ्यासाठी पश्चिमेच्या कठड्याच्या पट्ट्या बारीक केल्या, तर २०२० पासून जोराच्या वाऱ्यात पूल गुणगुणायला लागला आणि गावकरी वैतागले! त्यावर पुन्हा उपाय करावा लागला. तेव्हा जुन्याला हात लावणं सोपं नाही, हे खरंच.

पण वर्षाला सरासरी तीसच्या आसपास असलेले मृत्यू २०२४ मध्ये एक आकडी झाले. मला तर वाटतं, ही जाळी नवी नाहीच. स्ट्राउस यांनी मजुरांसाठी बांधलेली जाळी ८७ वर्षांनी वरून चालणाऱ्यांसाठी परत आली, इतकंच. जपायचंच असेल तर १९३६ मधला तो विचारही जपायला हवा.

असो. तुमच्यापैकी बरेच जण मुलांकडे तिकडे जाता. मनोऱ्यांबरोबर ती जाळीही बघून या, आणि मला कळवा.