गुत्रा (अरबी रुमाल)
अरब पुरुषांचे चौकोनी शिरोवस्त्र. शिमाग, कुफिया ही त्याची प्रदेशपरत्वे नावे. कुफिया हे नाव इराकच्या कूफा शहरावरून पडल्याचे मानतात. कापड तिरके दुमडून त्रिकोण करतात, आत पांढरी विणलेली टोपी घालतात आणि वरून ‘इकाल’ हा काळा दुहेरी गोफ बसवतात. उंटाचे पाय बांधायची दोरीच पुढे डोक्यावर चढली, असे परंपरा सांगते. ऊन आणि वाळूपासून बचाव हा मूळ हेतू. जबलपूरच्या वैशाखात तोंडाला गमछा गुंडाळणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आखातात पांढरा, सौदी अरेबिया व जॉर्डनमध्ये लाल चौकडीचा रुमाल रूढ आहे. सौदी धर्मपंडित इकाल वापरत नाहीत. काळ्या-पांढऱ्या कुफियाला 1936-39 च्या पॅलेस्टिनी उठावात राजकीय अर्थ आला. शहरी लोकांनीही तुर्की टोपी सोडून कुफिया घातली. ओमानमधील ‘मसर’ मात्र फेट्यासारखा गुंडाळतात, आणि उंची मसर काश्मिरी लोकरीचा असतो.

इकाल हे अब्रूचे चिन्ह. तो उतरवून समोरच्यापुढे टाकणे म्हणजे कळकळीची विनवणी. मराठीत ‘पागोटे पायांवर ठेवणे’ म्हणतात, तोच हा भाव. दोन्ही समाजांत पुरुषाची इभ्रत डोक्यावरच्या वस्त्रात वसलेली आहे.

मराठ्यांना अरब परके नव्हते. जबलपूर ज्यांच्या ताब्यात होते त्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तोही अरब शिबंदीनेच.