नितळ पाण्यालाही गाळणी हवी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत ‘बाउंडरी वॉटर्स’ हे संरक्षित वनक्षेत्र पसरले आहे. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात हजाराहून अधिक सरोवरे आहेत. १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याने आणि त्यानंतर १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. येथील बहुतांश सरोवरांवर मोटरबोटींना बंदी आहे. ‘कनू’ ही दोन्ही टोकांना निमुळती असलेली हलकी होडी वल्हवत एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जायचे, मधली जमीन होडी खांद्यावर घेऊन ओलांडायची आणि रात्री काठावर तंबू ठोकायचा, असा या भटकंतीचा क्रम असतो. एका तुकडीत जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या असाव्यात, असा नियम आहे.

या प्रवासात चहूकडे पाणीच पाणी असते; मात्र नळ कोठेही नसतो. नऊ जणांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी चार लिटर पाणी धरले, तर दिवसाला ३६ लिटर लागते. पाच दिवसांचा हिशेब १८० लिटरवर, म्हणजेच १८० किलोवर जातो. एवढे ओझे होडीसह खांद्यावर वाहणे अशक्य असल्याने सरोवराचे पाणी तेथेच शुद्ध करून पिण्याला पर्याय उरत नाही.

उशिरा उमटणारा आजार

या भागातील सरोवरांचे पाणी सहसा नितळ दिसते. दलदलीतून येणारे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस असते. मात्र तो रंग कुजलेल्या वनस्पतींचा असतो. त्यावरून पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, हे ठरवता येत नाही. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा आहे. त्यात ‘जियार्डिया’ हा परजीवी प्रमुख मानला जातो. माणसाच्या आणि बीव्हरसारख्या प्राण्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात उतरतो; म्हणूनच या आजाराला तिकडे ‘बीव्हर फीव्हर’ असे नाव पडले आहे. जुलाब, पोटात मुरडा, वायू आणि थकवा ही त्याची लक्षणे असून ती काही आठवडे टिकू शकतात.

दूषित पाणी पोटात गेल्यानंतर ही लक्षणे साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर चार-पाच दिवसांची सहल संपून मंडळी घरी पोहोचलेली असतात. त्यामुळे ‘सरोवराचे पाणी तसेच प्यायलो, काही झाले नाही’ हा सहलीतला अनुभव फसवा ठरतो. काही जिवाणूंमुळे मात्र एक-दोन दिवसांतच जुलाब सुरू होतात. रस्ता दोन दिवसांच्या वल्हवणीवर असताना एक जण आडवा झाला, तर त्याचे ओझे इतरांवर पडते आणि अख्खी तुकडी अडकते.

दुसरा परजीवी ‘क्रिप्टोस्पोरिडियम’. क्लोरीनला तो दाद देत नाही. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये नळाच्या पाण्यातून त्याची साथ पसरली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज होता.

गटासाठी कोणती पद्धत?

पाणी उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती एक मिनिट टिकवावी. दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे. मात्र रोज ३६ लिटर पाणी उकळण्यास इंधन आणि वेळ दोन्ही फार लागतात.

क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या वजनाला नगण्य असतात. जिवाणू आणि विषाणूंसाठी अर्धा तास पुरतो. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी मात्र चार तास थांबावे लागते. आयोडीन त्याच्यावर निष्प्रभ ठरते. अतिनील किरणांचा दिवा एका वेळी जेमतेम लिटरभर पाणी निर्जंतुक करतो आणि त्यासाठी पाणी स्वच्छ व बॅटरी भरलेली असावी लागते. हातपंपाची गाळणी मिनिटाला सुमारे एक लिटर पाणी देते. म्हणजे नऊ जणांसाठी रोज अर्ध्या तासाहून अधिक हात चालवणे आले.

म्हणूनच मोठ्या गटांसाठी गुरुत्वाकर्षणावर चालणारी गाळणी सोयीची ठरते. कच्च्या पाण्याची पिशवी झाडाच्या फांदीला टांगायची, नळीच्या मध्यावर गाळणी आणि खाली स्वच्छ पाण्याची पिशवी, अशी तिची रचना असते. चांगली गाळणी चार लिटर पाणी काही मिनिटांत खाली उतरवते. तेवढ्यात तंबू उभारता येतो. पोकळ तंतूंच्या अनेक गाळण्यांची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जियार्डियाचे कोश सुमारे ८ ते १२, तर क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ मायक्रॉनचे असल्याने दोन्ही अडतात; बहुतेक जिवाणूही अडतात. विषाणू मात्र त्याहून सूक्ष्म असल्याने निसटतात.

मनुष्यवस्ती विरळ असलेल्या या वनक्षेत्रात विषाणूंचा धोका कमी मानला जातो. आपल्याकडे मात्र सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. त्यामुळे सह्याद्रीत भटकताना अशी गाळणी वापरली, तरी त्यानंतर पाणी उकळणे किंवा त्यात गोळी टाकणे आवश्यक आहे.

वापरातील पथ्ये

पाणी काठावरून न घेता होडीतून थोडे आत जाऊन, पृष्ठभागाखालून भरावे. पाणी गढूळ असल्यास ते काही काळ स्थिर ठेवून रुमालातून गाळून घ्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो; मात्र त्यानंतरही पाणी निर्जंतुक करावेच लागते. हिरवट साय आलेले पाणी पूर्णपणे टाळावे. नील-हरित शेवाळाचे विष उकळल्याने नष्ट होत नाही आणि साध्या गाळणीने अडतही नाही.

कच्च्या पाण्याची पिशवी कोणती आणि स्वच्छ पाण्याची कोणती, हे ठळक खुणेने ठरवावे. कच्च्या पाण्याचा थेंब स्वच्छ नळीच्या तोंडाला लागला, तर सारे श्रम वाया जातात. प्रवाह मंदावल्यास स्वच्छ पाणी उलट दिशेने सोडून गाळणी धुवावी. पोकळ तंतूंची ओली गाळणी गोठल्यास तंतू फाटतात आणि बाहेरून ते दिसत नाही. त्यामुळे मे किंवा सप्टेंबरच्या थंड रात्री ती झोपण्याच्या पिशवीत घ्यावी. गोठल्याची शंका आली, तर वापरू नये.

केवळ पाणी गाळून भागत नाही. शौचाहून आल्यावर साबणाने हात न धुता कोणी स्वयंपाकाला लागला, तर तेच जंतू गाळणीला वळसा घालून सर्वांच्या पोटात जातात. भांडी आणि अंग धुण्याचे सांडपाणी, साबण ‘नैसर्गिक’ असला तरी, सरोवरापासून किमान १५० फूट दूर जमिनीवर टाकावे.

पाण्याची जबाबदारी दररोज दोघांकडे सोपवावी. गाळणी निघण्यापूर्वी घरीच जोडून, पाणी सोडून तपासावी आणि ती तुंबली किंवा हरवली तर हाताशी असाव्यात म्हणून गोळ्यांचे पाकीट वेगळ्या होडीत ठेवावे.